‘रन’चे ६४५ अर्थ : भाषेचे की कोशकारांचे?

शनिवारपेठी
ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तीत ‘सेट’ या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती. पुढे सुधारणेच्या कामात २०११ साली तो मान ‘रन’कडे गेला आणि या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. या आकड्यावरून इंग्रजीची श्रीमंती सांगितली जाते, ते मला मान्य नाही. नदी वाहते, यंत्र चालते, दुकान चालवले जाते, रंग कपड्यावर पसरतो. या सर्वांच्या मुळाशी गती ही एकच कल्पना आहे आणि कोशकाराने प्रत्येक संदर्भाला वेगळा क्रमांक दिला आहे, इतकेच. पुण्यातील मराठी शाळांत अर्थांच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी ही कल्पना शिकवावी.

मुठाकाठ
मूळ कल्पना वाचताना उपयोगी पडेल, लिहिताना नाही. अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमधील उमेदवार त्याच निवडणुकीला ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. गतीच्या कल्पनेतून हा फरक कोणाला काढता येईल? आपल्या ‘लागणे’चेच पाहा: भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, गाडी फलाटाला लागते आणि स्वारगेटहून महाबळेश्वरला निघालेल्या प्रवाशाला घाटात तीच गाडी लागते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘लागणे म्हणजे स्पर्श होणे’ एवढे सांगितले, तर तो त्या प्रवाशाला अपघात झाला असेच समजेल.

कोशप्रेमी
दोघांनीही आकड्यावर फार भार टाकला आहे. ऐतिहासिक पद्धतीचा कोश आज वापरात नसलेले अर्थही कालक्रमाने नोंदतो. आपल्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेला संस्कृत कोशही याच पद्धतीचा असून त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दपट्ट्या काढल्या गेल्या. त्यामुळे अशा कोशातील अर्थसंख्या विद्यार्थ्याच्या ओझ्याचे माप होऊ शकत नाही. शिवाय ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली तेव्हा ‘सेट’ची जुनीच होती, म्हणून ती शर्यतही बरोबरीची नव्हती.

शनिवारपेठी
मुठाकाठ यांच्या उदाहरणाने माझेच म्हणणे बळकट होते. गाडी लागते तशी सुपारी लागते, ऊन लागते, एखाद्याचे बोलणे मनाला लागते. स्पर्शापासून बाधेपर्यंतची वाट येथे स्पष्ट दिसते. शिकवायची ती ही वाट.

मुठाकाठ
वाट दिसते, कारण आपण आधीच मुक्कामी पोहोचलो आहोत. ‘मला जावे लागते’ यात कोणता स्पर्श आणि कोणती बाधा? (काही आमंत्रणांच्या बाबतीत बाधा म्हणता येईल, ते सोडा.) येथे ‘लागणे’ सक्ती दाखवणारे सहायक क्रियापद झाले आहे आणि ते व्याकरण म्हणूनच शिकवावे लागेल. निवडणुकीच्या ‘रन’ आणि ‘स्टँड’बद्दल मात्र आपण अजून काहीच लिहिलेले नाही.