बारावी झाली की थेट लंडन, पत्रकार व्हायला? मार्गदर्शक साहेब, जरा थांबा

तापीकाठचा_चोपडा:
काल एका करिअर मार्गदर्शक साहेबांनी ज्ञान पाजळलं की पत्रकार व्हायचंय तर बारावी झाल्या झाल्या परदेशात बी.ए. जर्नालिझमला जा, जळगाव-धुळ्यात शिकलात तर जन्मभर नेत्यांच्या वाढदिवसाच्या बातम्या टाईप कराल. खाली आईबापांची रांग, "सर फी किती, सर कोणती युनिव्हर्सिटी". डोकं तडकलं म्हणून लिहितोय, लांबलचक होईल, कंटाळा आला तर सोडून द्या.

एक तर साहेब अमेरिकेतल्या ज्या कोलंबिया युनिव्हर्सिटीचं नाव सारखं घेतात तिथल्या पत्रकारितेच्या स्कूलमध्ये बी.ए. नाहीच, तिथे पदवीनंतरच घेतात. बारावीनंतर घेणारी मिसुरी (१९०८ ची, जगातली पहिली म्हणतात), नॉर्थवेस्टर्नची मेडिल, अशी वेगळी नावं आहेत. साहेबांना हेच माहीत नाही आणि निघाले पोरं पाठवायला. दुसरं म्हणजे पैसा. राज्याची राजर्षी शाहू परदेशी शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएचडीला, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज तशीच, ब्रिटनची चेव्हनिंग पण मास्टर्सला आणि तीही दोन वर्षं कामाचा अनुभव असेल तरच. बारावीच्या पोराला यातलं एकही नाही. म्हणजे भरणार बाप, नाहीतर बँक. त्यापेक्षा पदवी इथे करा, पत्रकारितेतच पाहिजे असं पण नाही, अर्थशास्त्र करा, अॅग्री करा, दोनेक वर्षं गावं तुडवा आणि मग जा दुसऱ्याच्या पैशावर. तलाठी कोणाचं ऐकतो, बाजार समितीचे संचालक संध्याकाळी कोणत्या टपरीवर बसतात, हे ज्या वयात कळतं त्या वयात तुम्ही पोराला विमानात बसवताय.

शहाद्याची_पोरगी:
मी गेले होते, बारावीनंतरच, इंग्लंडला. तुम्ही समजताय तितकं हवेतलं नव्हतं दादा. पहिल्याच वर्षी कौन्सिलच्या मीटिंगला बसवलं, मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर बसून बातमी लिहायला लावली, टीलाइन शॉर्टहँड शिकवलं, एनसीटीजेच्या (तिकडची पत्रकारांच्या ट्रेनिंगची संस्था) परीक्षेला मिनिटाला १०० शब्दांचा स्पीड मागतात, रात्री बोटं वळायची नाहीत. मीडिया लॉ तर घोटून घेतला, खटला चालू असताना काय छापायचं नाही, बदनामी कुठे होते. माझ्या मैत्रिणीने इकडेच तीन वर्षं मास कॉम केलं, तिला कोणी कोर्टाची पायरी दाखवली नाही आणि पेज लावायचं सॉफ्टवेअर नोट्समधून पाठ केलं.

आणि टपरीचं काय सांगता हो? मी चोपड्यात त्या टपरीवर जाऊन उभी राहिले असते तर दुसऱ्या दिवशी गावात माझीच बातमी झाली असती.

तापीकाठचा_चोपडा:
टपरीचं बरोबर आहे. घ्या, दिला एक मार्क. आता सांगा, सध्या कोणत्या पेपरला आहात?

शहाद्याची_पोरगी:
पेपरला नाही, पुण्यात एका कंपनीचं कंटेंट लिहिते. हसून घ्या. पण घोडं डिग्रीपाशी अडलं नाही, व्हिसापाशी अडलं. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास काम, आणि फ्रीलान्स अजिबात नाही, स्वतःचा धंदा धरतात तो. आता पत्रकारितेत सुरुवातच फ्रीलान्सने होते, म्हणजे वर्गातली गोरी पोरं स्वतःच्या नावाने छापून आलेल्या बातम्या जमवत होती तेव्हा मी सुपरमार्केटात शेल्फ भरत होते. शिकून झाल्यावर तिथे राहून काम करायचा ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा मिळतो, त्यावर फ्रीलान्स चालतं, पण त्याची पण दोन वर्षं होती ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांवर आणलीत. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाला पगाराची अट, माझ्या वेळी कमी होती, आता जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड. नवीन पोरांना थोडी सूट आहे पण गावच्या पेपरातला ट्रेनी तिथवरही पोचत नाही. हे मार्गदर्शक सांगत नाहीत, तेवढ्यापुरतं तुमच्याशी सहमत. तेवढ्यापुरतंच.

एमपीएससीग्रस्त:
शेल्फच भरायचे होते तर जळगावात भरले असते ताई, विमानाचं भाडं वाचलं असतं 😂

शहाद्याची_पोरगी:
तू पुण्यात कॉटवर बसून कितव्यांदा प्रीलिम देतोयस ते विचारलं का मी?

आबा_धुळेकर:
पोरांनो भांडू नका. पण मला सांगा, त्या साहेबाने वाढदिवसाचं खोटं काय लिहिलं? मी तालुका वार्ताहर होतो एका पेपरला, नाव घेत नाही, मालक ओळखीचे आहेत. मानधन एवढं की गाडीच्या पेट्रोलला पुरायचं नाही, वरून जाहिरातीचं टार्गेट. १५ ऑगस्ट, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस, झेडपी अध्यक्षांचा वाढदिवस, प्रत्येकाला पुरवणी. नाही आणली तर बातमी आत ढकलायचे, मग छापतच नव्हते. एकदा गिरणेच्या वाळूची बातमी दिली, रात्री फोटो काढून, जीव धोक्यात घालून. छापली हो, आतल्या पानावर बोटभर. आणि ज्याचे डंपर होते त्याचीच त्याच अंकात शेवटच्या पानावर हार घातलेल्या फोटोसकट शुभेच्छांची जाहिरात. आता मला लंडनचं शॉर्टहँड येत असतं तर काय फरक पडला असता?

गिरणामाई:
आबा, राग मानू नका, पण जाहिराती तुम्हीच आणायचे ना? कमिशन कोणी घेतलं?

आबा_धुळेकर:
काय सांगी ऱ्हायना भाऊ तू? मी घेतलं, हो घेतलं. त्याच्यावरच पोरांच्या फिया भरल्या. पगार देत असते तर मागितलं असतं का कमिशन?

गिरणामाई:
तेच तर म्हणतोय. तुम्ही लोकांनी सवय लावली, म्हणून आता हे माइकवाले आलेत. स्वतःच्या नावाचा लोगो माइकला लावायचा, ग्रामपंचायतीत घुसायचं, "पेव्हर ब्लॉकची क्वालिटी दाखवू का लाईव्ह?" आणि सरपंचाकडून पाकीट घेऊन चहा पिऊन जायचं. माझा भाऊ सरपंच आहे, मला सांगू नका.

आबा_धुळेकर:
मग पेव्हर ब्लॉक चांगले टाकायला सांग भावाला.

एमपीएससीग्रस्त:
आबा 🔥🔥

गिरणामाई:
वयाचा मान ठेवून गप्प बसतो.

आबा_धुळेकर:
बसू नको, बोल. अरे साने गुरुजींनी १९३८ ला अमळनेरातून 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं, कोणती जर्नालिझमची डिग्री होती?

तापीकाठचा_चोपडा:
गुरुजी एम.ए. होते आबा. आणि त्यांना टार्गेट द्यायला मालक नव्हता. धागा माझा आहे, वाळू न् पेव्हर ब्लॉकमधून बाहेर या कोणीतरी.

केळीबाग_रावेर:
मी येतो. माझी मुलगी बारावीला आहे, तिला हेच करायचंय म्हणून दोन दिवसांपासून वाचतोय सगळं. बँकेत जाऊन आलो. साडेसात लाखाच्या वर तारण पाहिजे म्हणाले. केळीचं शेत दाखवलं तर साहेब म्हणे शेतजमीन चालत नाही, घर नाहीतर एनए प्लॉट आणा, कर्ज थकलं तर सरफेसी कायद्यात शेती जप्त करता येत नाही म्हणून. म्हणजे पीककर्जाला हीच जमीन गहाण चालते आणि पोरीच्या शिक्षणाला चालत नाही. बरं, मुलगी काय म्हणते माहिती का, पप्पा, बुऱ्हाणपूर मंडीचा भाव रोज छापून येतो पण व्यापारी आपल्या बांधावर येऊन त्याच्यापेक्षा कमी का देतो हे कोणीच लिहीत नाही, ते मला लिहायचंय. आता हिला लंडनला पाठवू का नको?

तापीकाठचा_चोपडा:
काका, ती बातमी लंडनला नाही, रावेरच्या बांधावर आहे. पाठवू नका.

शहाद्याची_पोरगी:
बातमी बांधावर आहे, पण ती काढायची कशी हे कोण शिकवणार, तुम्ही? कागद मागणं हे मला तिथे असाइनमेंट म्हणून करायला लावलं. गंमत बघा, त्यांचा माहिती अधिकार २००५ ला लागू झाला, आपला पण २००५ चा, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा तर २००२ लाच होता. कायदा आपल्याकडे आधी लागू झाला आणि मी अर्ज लिहायला शिकले सातासमुद्रापार. काका, पैशाचं दादांचं ऐका, जिवावर येतंय पण लिहिते. एनए प्लॉट विकून बी.ए.ला पाठवू नका. पण "इथेच कर" म्हणून कुठल्याही कॉलेजात टाकू पण नका, आधी जाऊन विचारा की तुमची पोरं कोर्टात जातात का, मीडिया लॉ कोण शिकवतं, कॉलेजचा पेपर खरंच निघतो का फक्त कॉलेज तपासायला येणाऱ्या नॅकच्या टीमसाठी निघतो.

तापीकाठचा_चोपडा:
नॅकसाठीच निघतो. हे मात्र लाखात एक बोललात.

केळीबाग_रावेर:
मुलीला वाचायला दिलं सगळं. म्हणते लंडन का पुणे ते नंतर बघू, आधी आबांना विचारा ती डंपरवाल्याची जाहिरात कोणत्या तारखेच्या अंकात होती आणि जुना अंक बघायला मिळेल का.

आबा_धुळेकर:
पोरगी डोक्याला ताप देणार भाऊ. अंक आहे माझ्याकडे, माळ्यावर. घेऊन जा म्हणावं, फक्त माझं नाव टाकू नको सांगा.