सावचेन्को-मासो: चौथ्या नंबरवरून सुवर्ण कसं?

प्रश्न (बर्फाळ): 2018 च्या प्यॉंगचांग ऑलिंपिकमधली पेअर स्केटिंगची (बर्फावर मुलगा-मुलगी जोडीने करतात ते स्केटिंग) स्पर्धा परत पाहिली. जर्मनीची अल्योना सावचेन्को आणि ब्रुनो मासो शॉर्ट प्रोग्रॅमनंतर चौथे होते, तरी सुवर्ण त्यांनाच. गुणांचं गणित कोणी उलगडेल का? आणि मासोआधी ती कोणाबरोबर खेळायची?

अक्षरगणित: शॉर्ट प्रोग्रॅम ही पहिली फेरी, फ्री स्केट ही दुसरी, दोन्हींची बेरीज धरतात. शॉर्टमध्ये त्यांचे 76.59, चीनच्या सुई-हान जोडीचे 82.39. म्हणजे 5.80 ची पिछाडी. फ्री स्केटमध्ये 159.31 विरुद्ध 153.08, म्हणजे 6.23 ची आघाडी. वजाबाकी करा: 0.43. एकूण 235.90 आणि 235.47.

शॉर्टमधला घोळ एकाच उडीचा. दोघांनी शेजारी-शेजारी ट्रिपल साल्कोव (हवेत तीन फेऱ्यांची एक उडी) मारायची होती, मासोची डबलच, म्हणजे दोन फेऱ्यांची झाली. दोघांच्या फेऱ्या वेगळ्या पडल्या की कमी फेऱ्यांचीच उडी धरतात. तेव्हाच्या तक्त्यात ट्रिपलचे मूळ गुण 4.4, डबलचे 1.3. शिवाय दर्जाचे, म्हणजे उडी किती नीट झाली याचे, गुणही उतरले.

0.43 किती लहान ते बघा. तेव्हा सादरीकरणाचे पाच घटक असत, प्रत्येकाला 10 पैकी गुण, पाव-पाव गुणाच्या पायरीने, आणि फ्रीमध्ये त्याला 1.6 ने गुणायचं. एकाच घटकाची सरासरी पाव गुणाने घसरली असती तरी 0.40 गेले असते.

केम्निट्झकर: जोडीदारांचं सांगतो. सावचेन्कोचा जन्म 1984, युक्रेनमधलं ओबुखिव. स्तानिस्लाव मोरोझोवबरोबर 2000 साली ज्युनियर विश्वविजेती, 2002 ला पहिलं ऑलिंपिक. 2003 मध्ये ती जर्मनीत केम्निट्झला प्रशिक्षक इंगो श्टॉयर यांच्याकडे गेली आणि रॉबिन शोल्कोवीशी जोडी जमली. 2008, 2009, 2011, 2012, 2014 अशी पाच विश्वविजेतेपदं, पण ऑलिंपिकमध्ये 2010 आणि 2014, दोन्हीदा कांस्यच.

शोल्कोवी निवृत्त झाल्यावर फ्रान्सचा मासो आला. फ्रेंच संघटनेने त्याला लवकर सोडलं नाही, त्यात 2014-15 चा हंगाम स्पर्धेविना गेला. विश्वस्पर्धेला जोडीतल्या एकाचं नागरिकत्व चालतं, ऑलिंपिकला दोघांचंही लागतं. मासोला जर्मन नागरिकत्व मिळालं 2017 च्या शेवटी, म्हणजे ऐन वेळी. त्याच्या जर्मन भाषेच्या परीक्षेची धास्ती सगळ्यांनीच घेतली होती! नंतर 2018 च्या मिलान विश्वस्पर्धेत तिचं सहावं विजेतेपद.

बर्फाळ: धन्यवाद. सोचीच्या 2014 ऑलिंपिकमध्ये ती शेवटी पडली ती कोणती उडी? ट्विस्ट होता का?

उलटीकड: नाही, तो थ्रो ट्रिपल ॲक्सल. दोन्हींत गल्लत होते. ट्विस्टमध्ये मुलगी वर आडवी फिरते आणि खाली येण्याआधी मुलगा तिला हवेतच कमरेला धरतो. हात वेळेत पोचले नाहीत तर ती त्याच्या छातीवर आदळते आणि दर्जाचे गुण जातात. थ्रोमध्ये तो फक्त निघताना जोर देतो, पुढचं सगळं तिचं. एका पायावर, मागे सरकत, पात्याच्या बाहेरच्या कडेवर उतरायचं.

ॲक्सल पुढे तोंड करून निघते, म्हणून ट्रिपलमध्ये साडेतीन फेऱ्या होतात. बाकीच्या थ्रोंपेक्षा अर्धी जास्त. फेकताना ती उभ्या रेषेतून जराशी कलली, की फेऱ्या पूर्ण होऊनही कड पकडता येत नाही. त्यांनी ही उडी कार्यक्रमाच्या अगदी शेवटी ठेवली होती, पाय थकलेले असताना. जुगारच म्हणा. पडल्याचा एक गुण सरळ कापला जातो, दर्जाचे गुण जातात ते वेगळेच.

प्यॉंगचांगच्या फ्रीमध्ये ॲक्सल नव्हतीच. थ्रो ट्रिपल फ्लिप (तीन फेऱ्यांचा दुसरा एक थ्रो) होता, तोही उंच आणि लांब.