बुडा बोलला 'पाचामुखी परमेश्वर', भाच्यानं लिहिलं 'वॉक्स पॉप्युलाय, वॉक्स डेई'

कपाशीवाला, दर्यापूर तालुका

राजेहो, काल जेवताना घरात जे भांडण पेटलं ते इथं आणून टाकतो, बघा तुमाले काय वाटते. भाचा बीए सेकंड इयरले हाय, कॉलेजात इंग्रजी निबंधाची स्पर्धा होती, विषय धर्म आणि समाज. पोट्ट्यानं आपल्याच गावची गोष्ट घेतली. मागं देवळाच्या कळसाची वर्गणी एका घरानं दिली नाई, तर पाच-सहा जण पारावर बसले अन ठरवून टाकलं की त्या घराशी बोलायचं नाई, त्याच्या वावरात मजुरीले जायचं नाई. चार महिने चाललं ते. ऐन वेचणीत कापूस फुटून बोंडातून लोंबून रायला, मी सोता पाह्यला, खाली मातीत पडून रायला होता अन घरची तिघंच जण सकाळपासून अंधार पडेपर्यंत वेचत होते. ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी पारावरचा बुडा काय बोलला होता? "पाचामुखी परमेश्वर." बस, तेवढंच. आमच्या भाच्यानं निबंधात लिहिलं की गावातले वडीलधारे म्हणाले, वॉक्स पॉप्युलाय वॉक्स डेई. लॅटिन! म्हणजे लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज. सरांनी त्याच्यावर लाल गोल मारला, नंबर गेला, पोट्टा रडकुंडीले.

माहं म्हणणं एवढंच, इंग्रजीत लिहायचं तर खुशाल लिहा, पण त्या बुड्याच्या तोंडात लॅटिन कोंबता कायले? तो जे बोलला ते तसंच टाका, पुढं एका ओळीत अर्थ सांगा. लॅटिन आलं की वाचणाऱ्याले वाटते ठराव रोमहून पास होऊन आला. पारावर तंबाखू चोळत बसलेले पाच जण मंग दिसतच नाई.

रूमवरचा, अमरावती

काका राग नका मानू, पण सरांचंही चुकलं आणि तुमचंही. इंग्रजी निबंध वाचणारा माणूस केरळचा असेल, नाहीतर लंडनचा असेल, त्याला पाचामुखी कुठून कळणार, वॉक्स पॉप्युलाय कळतं, हा वाक्प्रचार इंग्रजीत इतक्या वर्षांचा आहे की तो आता इंग्रजीच झाला. आणि लॅटिनचा एवढा राग असेल तर उद्यापासून कॉलेजात बोनाफाईड मागू नका, तहसीलमध्ये ॲफिडेव्हिट करू नका, ग्रामसभेत कोरम मोजू नका. हे तिन्ही लॅटिनच आहेत. आपण लॅटिन बोलत बोलतच म्हातारे होतो फक्त कुणी सांगत नाही.

बाय द वे त्या चार महिन्यांत कुणी तक्रार का नाही केली? सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, 2017 पासून लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कपाशीवाला, दर्यापूर तालुका

तक्रार कोण करन बापा, त्याच गावात राहाचं हाय, त्याच विहिरीवरून पाणी.

अन बोनाफाईडचं म्हणशील तर तो कामाचा शब्द हाय. कोणी बोनाफाईड म्हणून छाती फुगवत नाई. बाबूपुढं उभं राहून 'बोनाफाईड द्या जी' म्हणतो आपण, वरून वीस रुपये देतो. वॉक्स पॉप्युलाय म्हणणारा वेगळाच असते, त्याची मान थोडी वर होते.

निवृत्त गुरुजी, अकोट

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे दोन शब्द. लॅटिन वापरावं का हा प्रश्न नंतरचा, आधी हे वाक्य कुठून आलं ते पाहा, कारण भाच्याची खरी अडचण तिथं आहे. इ.स. 800 च्या सुमारास अल्क्विन नावाचा एक इंग्लंडचा विद्वान, यॉर्कचा, शार्लमेन बादशहाच्या पदरी होता. त्याच्या बादशहाला लिहिलेल्या पत्रात हे वाक्य सापडतं, आणि गंमत अशी की तो ते खोडून काढण्यासाठी लिहितो. तो म्हणतो, जे लोक 'लोकांचा आवाज तो देवाचा आवाज' असं म्हणत असतात त्यांचं ऐकू नका, कारण जमावाचा गोंधळ हा नेहमी वेडाच्या अगदी शेजारी असतो. म्हणजे अर्धंच वाक्य उचललं लोकांनी, पुढचं अर्धं तिथंच टाकून आले.

नंतर 1327 साली इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला गादीवरून उतरवलं तेव्हा कँटरबरीच्या आर्चबिशपनं याच वाक्यावर प्रवचन दिलं, आणि या वेळी मात्र सुलट अर्थानं. लोकांना राजा नको, म्हणजे देवाला नको. ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं वापरलंय हे. तुमच्या पारावरच्या म्हाताऱ्यानं वेगळं काय केलं? तेव्हा भाच्यानं जर हे वाक्य टोमणा म्हणून टाकलं असेल तर मी त्याला पैकीच्या पैकी देतो, आणि जर खरंच विद्वत्ता म्हणून टाकलं असेल तर माझाही लाल गोल. काय म्हणून टाकलं होतं, ते विचारा त्याला.

रूमवरचा, अमरावती

गुरुजी मस्त माहिती, पण पहिला कोण काय म्हणाला त्यावर शब्दाचा अर्थ कायमचा ठरत नसतो ना, बाराशे वर्षं लोक जसं वापरतात तसा तो होतो. आणि एक सांगतो, हे परकं वाटतंय म्हणून सगळे चिडलेत पण वॉक्स म्हणजे आपला वाक्, वाचा, आणि डेई म्हणजे देवाचा, दोन्ही शब्द संस्कृतचे चुलतभाऊ आहेत, मूळ एकच. म्हणजे अर्धं वाक्य तर घरचंच निघालं. काका आता बोला.

कपाशीवाला, दर्यापूर तालुका

चुलतभाऊ हाय म्हणूनच तर भीती वाटते. आमच्या इकडं धुऱ्या-बांधाचे सगळे वाद चुलतभावासंगंच चालू हायेत.

रिद्धपूरच्या वाटेवर

हे भांडण आपल्या अमरावती जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय भाऊ. महानुभाव पंथात केशोबास संस्कृतचा पंडित, आणि चक्रधरस्वामींच्या मागं पंथ चालवणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्याला सरळ सांगितलं होतं, "तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणे गा, मज श्रीचक्रधरे निरूपिली मऱ्हाटी." अस्मात् कस्मात्! काय पकडलंय, संस्कृत न येणाऱ्याच्या कानाला ते कसं लागत असेल ते दोन शब्दांत. कारणही दिलं होतं, संस्कृतात लिहिलं तर आमच्या स्वामींची साधी माणसं, म्हाताऱ्या कोताऱ्या, त्यांना ते मिळणारच नाही. आता अस्मात् कस्मातच्या जागी वॉक्स पॉप्युलाय ठेवा. अहो, ज्यांची प्रार्थना लॅटिनमध्ये चालायची त्या खुद्द रोमच्या कॅथलिक चर्चनं 1963 मध्ये ठराव करून लोकांच्या भाषेत प्रार्थनेला जागा करून दिली, आणि आपण दर्यापूर तालुक्यातून लॅटिन पाठवतोय त्यांना.

रूमवरचा, अमरावती

आणि त्याच केशोबासनं संस्कृतात स्तोत्र रचलंय, मराठीतही लिहिलंय. दोन्ही येत होतं म्हणून दोन्ही केलं. ज्याला येतं त्यानं लिहावं की.

पोळ्याचा बैल

अरे पण मंग इंग्रजीत तरी काहून लिहून रायले?? लॅटिन परकं अन इंग्रजी काय मावशीची भाषा हाय का. हसू येते मले.

वणीकडची

तुम्ही सगळे पुरुष माणसं दोन वाक्यांत कोणतं चांगलं यावर भांडताय, मला दोन्ही सारखीच वाटतात. काका तुमचा पाचामुखी परमेश्वर फार साधा भोळा आहे असं समजू नका. त्या पाच मुखांत आमचं एक तरी मुख कधी होतं का? लॅटिनमुळे पारावरचे पाच जण दिसत नाहीत म्हणता, मराठीनं दिसतात ते खरं, पण पारावर न बसलेल्या बाया दोन्ही वाक्यांत दिसत नाहीत.

आमच्या गावची गोष्ट सांगते. देशी दारूचं दुकान हटवायचं होतं. ग्रामसभेत विषय घ्या म्हटलं की सभेला माणसंच येत नाहीत, कोरम भरत नाही, गावातल्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातलं जे कमी ते लागतं, तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब. आणि तहकूब झालेल्या सभेला कोरमच लागत नाही! मग दहा-बारा जण येऊन बसतात आणि रस्ता, नाली, हायमास्टचे ठराव भराभर पास, दारूचा विषय वेळेअभावी पुढं. रजिस्टरात लिहिलेलं असतं 'सर्वानुमते'. हा तुमचा लोकांचा आवाज, बघा, लोकांशिवायचा.

शेवटी आम्ही बायांनी सह्या गोळा केल्या, मतदान लावलं, उभी बाटली आडवी बाटलीचं, उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. सकाळपासून रांग, सासू सून एका रांगेत, नव्वदीच्या एका आजीला खाटेवर आणलं आणि ती शिक्का कुठं मारू म्हणून मोठ्यानं विचारते तर सगळ्या हसल्या. संध्याकाळी मोजणी झाली, पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढं, तरी आम्ही हरलो. का, तर आलेल्या बायांच्या नाही, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. कामाला बाहेरगावी गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या पण नाव न कटलेल्या, मेलेल्यासुद्धा, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारख्याच झाल्या की. तर मला विचाराल तर भाच्यानं लॅटिन लिहिलं की मराठी याच्याआधी एवढं लिहायला पाहिजे होतं की बसले किती होते आणि त्या घरच्या बाईला कुणी विचारलं का.

पोळ्याचा बैल

ताई बरोबर. माघार.

मंगरूळचा व्यापारी

मी बैलबाजारात फिरणारा माणूस, मला यातलं एक वेगळंच आठवलं. 1906 साली इंग्लंडात प्लिमथला जनावरांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा होती, बैल समोर उभा, कापून साफ केल्यावर मांसाचं वजन किती भरेल ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी विकत घ्यायची. गॅल्टन नावाच्या शास्त्रज्ञानं नंतर त्या चिठ्ठ्या मागून घेतल्या, वाचता येण्यासारख्या 787 निघाल्या, सगळ्यांचा मधला आकडा काढला तर 1207 पौंड. खरं वजन 1198. नऊ पौंडाचा फरक! आणि 1907 मध्ये हे छापलं तेव्हा लेखाला नाव काय दिलं, तर वॉक्स पॉप्युलाय. तेवढंच. डेई नाही लावलं, ते मला आवडलं.

आता यातली मेख बघा. प्रत्येकानं आपापली चिठ्ठी लिहिली, शेजारचा काय लिहितो ते न बघता. आपल्या बाजारात पण भाव रुमालाखाली बोटं दाबून होतो ना, का, तर बाजूच्याला ऐकू गेलं की तो तोच आकडा धरून बसतो. पारावर काय होतं, एक बुडा खाकरतो, बोलतो, बाकीचे चौघे माना हलवतात. ते पाच आवाज नाहीत, एकच आवाज आहे पाच वेळा. वणीच्या ताईंच्या बायांना पण म्हणून चिठ्ठी पाहिजे होती, हात वर करायला सांगितलं असतं तर घरचा माणूस बघतोय म्हणून अर्ध्या वर केलेच नसते.

निवृत्त गुरुजी, अकोट

वा. आणि इंग्रजीत लॅटिन शोधायला गेलो आपण, आपल्याकडं तुकोबा कधीच उत्तर देऊन बसलेत. "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता." गावानं टाकलेल्या माणसाच्या बाजूचं वाक्य हे आहे. देवळाच्या पारावर बसून रोज तुकोबाचे अभंग म्हणणारी माणसं नेमकी हीच ओळ विसरतात याचं मला नेहमी नवल वाटतं. भाच्याला म्हणावं पुढच्या वेळी बुड्याची म्हण आणि तुकोबाची ओळ समोरासमोर ठेव, लॅटिन खाली कुठंतरी येऊ दे नाहीतर नको येऊ दे.

रूमवरचा, अमरावती

मला तरी अजून पटलेलं नाही. तुकोबाची ओळ इंग्रजीत नेली तर तिचा अर्धा जीव जातो, 'बहुमता'चं मेजॉरिटी केलं की इलेक्शन वाटतं. त्यापेक्षा वॉक्स पॉप्युलाय लिहून गुरुजींनी सांगितला तो अल्क्विन पुढं जोडला असता तर निबंध बेस्ट झाला असता. परक्याच्या घरात भांडायचं तर त्याच्याच घरातली काठी घ्यावी. काका तुम्ही निबंध स्वतः वाचलात का हो? सरांनी नेमकं लिहिलंय काय बाजूला?

कपाशीवाला, दर्यापूर तालुका

नव्हता वाचला, पोट्टा जसं सांगे तसंच इथं टाकलं. आता तुमी म्हणता म्हणून त्याच्या बॅगमधून पेपर काढला, चष्मा लावला. गुरुजी, टोमणा होता का म्हणून त्याले विचारलं, तर म्हणते मामा मले बुड्याचं वाक्य इंग्रजीत करता येत नव्हतं, गाईडात हे सापडलं. एवढंच निघालं.

अन लाल गोल! सरांचं लॅटिनवर काही म्हणणंच नाई राजेहो. बाजूले फक्त 'स्पेलिंग' लिहेल हाय. यानं डी, ई, आय लिहाच्या जागी डी, आय, ई लिहून टाकलं. लोकांचा आवाज, मर.

पोळ्याचा बैल

मंग चुकलं काय त्याच्यात? त्या घरच्या माणसाले दाखवा निबंध, तो पुरे नंबर देईन.