टोंगातल्या वावाउ बेटांवर फोन, ओटीपी आणि घरच्यांशी संपर्क

निळाई: ऑगस्टमध्ये आम्ही दोघं व्हेल बघायला टोंगाला जातोय. मुंबई–सिंगापूर–नादी (फिजी)–नुकुअलोफा (टोंगाची राजधानी), तिथून वावाउ. एकूण १२ दिवस. साताऱ्याला सासूबाई एकट्या असतात, त्यांना रोज फोन लागायला हवा. मधेच क्रेडिट कार्डाचं बिलही आहे. आपल्या कंपनीचं रोमिंग पॅक घ्यावं की तिथलं सिम?

दर्यावर्दी८२: तिथलं सिम. कंपन्या दोन, डिजिसेल आणि सरकारी टीसीसी. नुकुअलोफातच घ्या, पासपोर्ट हाताशी ठेवा. उतरायचा वार मात्र बघा. टोंगाच्या राज्यघटनेनेच रविवार पाळायला लावलाय, त्यामुळे दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी पोचलात आणि सिम राहिलं, तर सोमवारपर्यंत हॉटेलच्या वायफायवर भागवायचं.

आपलं सिम काढून पाकिटात ठेवू नका. दुसऱ्या स्लॉटमध्ये चालू राहू दे, फक्त डेटा रोमिंग बंद. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. त्यासाठी निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि कंपनीच्या यादीत टोंगा आहे का ते नाव शोधून बघा. 'जगभर' म्हणणाऱ्या पॅकमधून पॅसिफिकची बेटं बिनधास्त गळलेली असतात. आयफोन असेल तर सेल्युलर डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची परवानगी बंद करा. नाहीतर तिथलं नेटवर्क गेलं की फोन गुपचूप आपल्या सिमवरून डेटा ओढू शकतो.

व्हॉट्सॲप नवं सिम पाहून 'नंबर बदलायचा का' विचारेल. नाही म्हणा, जुनाच नंबर चालतो. ॲप काढून परत टाकायच्या फंदात पडू नका, पडताळणीचा कोड आला नाही तर बसाल.

खातेवही: बिलाला निघण्याआधी ऑटोपे लावा, म्हणजे ओटीपीचा प्रश्नच नाही. कार्डाचे परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये इथूनच चालू करा. एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात, एकच चालू करून लोक निघतात. जिथे ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड चालतो तिथे तो लावून ठेवा. त्याला नेटवर्क लागत नाही, फोनचं घड्याळ मात्र बरोबर हवं. टोंगाची वेळ हाताने लावताना टाइमझोन भारताचाच राहिला तर कोड चुकतो, म्हणून टाइमझोन बदला, काटे नाही. छोट्या बेटांवर जाण्याआधी रोख पाआंगा (तिथलं चलन) काढून घ्या.

सागरतळ: सिम कुठलंही असो, नेट शेवटी एका तारेवर लटकलंय. फिजीहून येणारी समुद्राखालची केबल ८२७ किलोमीटरची. जानेवारी २०२२च्या ज्वालामुखीत ती तुटली, तेव्हा जोडायला पाच आठवडे लागले. वावाउला जाणारी देशांतर्गत केबल तर दीड वर्ष बंद होती, आणि जून २०२४मध्ये पुन्हा तुटली. अशा वेळी उपग्रहावर सगळा भार येतो. व्हिडिओ कॉल अडकतो, मजकूर उशिरा का होईना पोचतो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: दोन दिवस फोन आला नाही तर घाबरायचं नाही. हॉटेलचा नंबर त्यांच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. टोंगात आपलं दूतावास कार्यालय नाही, फिजीतल्या सुवा इथलं भारतीय उच्चायोग ते काम बघतं. तो नंबरही कागदावर असू दे.

निळाई: मग सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र) इथूनच घेऊन जावं का?

सागरतळ: अजिबात नको. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर इनरीचमुळे परदेशी प्रवासी अडकल्याची बातमी डिसेंबर २०२४मध्ये आली होती. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बिनतारी संच) आहे ना, एवढं बुकिंग करताना विचारा. संकटाचा चॅनल १६.

बोटीवरून उतरल्यावर लगेच चार्जर खुपसू नका. पोर्टमध्ये खारं पाणी असेल तर फोन ओलाव्याची सूचना देऊन चार्जिंग नाकारतो, आणि जबरदस्ती केली तर पिना गंजतात. तोंड खाली करून सुकू द्या. प्लग ऑस्ट्रेलियासारखा, तिरक्या चपट्या पिनांचा. व्होल्टेज २४०, म्हणजे नुसता अडॅप्टर पुरे.

दर्यावर्दी८२: वेळेचं राहिलं. टोंगा आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. साताऱ्यात सकाळी १० म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच, बोटी परतलेल्या असतात. तीच वेळ ठरवा. साताऱ्यातल्या रात्री ९ला लावायचा म्हटलं, तर तुम्हाला पहाटे साडेचारला उठावं लागेल.