शब्दचर्चा: ‘टिकला’ म्हणायचं की ‘रेटला’? (टॉमी जॉनवरून पेटलेला वाद)

मंडळी, एका शब्दावर गाडी अडलीय, पण आधी थोडं मागचं सांगते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर (बॉल टाकणारा) आहे. मागच्या महिन्यात कोपर दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, एमआरआय झाला, डॉक्टर म्हणाले लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) शाबूत आहे, टॉमी जॉन म्हणजे तो नव्याने बसवायचं ऑपरेशन करायची गरज नाही, सहा आठवडे बॉलला हात लावायचा नाही बस. जीव भांड्यात पडला. परत येताना गाडीत सहज विचारलं, काय रे, टॉमी जॉन कोण माहितेय ना? तर म्हणतो, हो, ते ऑपरेशन शोधून काढणारा डॉक्टर. मला इतकं वाईट वाटलं ना, कारण डॉक्टर होते फ्रँक जोब. टॉमी जॉन हा त्या टेबलावर झोपलेला माणूस, २६ सीझन मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये) बॉल टाकलेला डावखुरा पिचर, आणि ज्याच्या कोपराचं नाव आज निम्म्या पिचर्सच्या तोंडी आहे तो स्वतः अजून हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या, बाहेर.

मग शनिवारी आमच्या नेहमीच्या मंडळींत हा विषय काढला आणि दोन तास नुसता गदारोळ. त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायच्या विरोधातल्या लोकांचा एक लाडका शब्द आहे, कंपायलर. म्हणजे असा खेळाडू जो कधी फार ग्रेट नव्हता पण वर्षानुवर्षं खेळत राहिला म्हणून आकडे साचले. आमच्यातले एक काका म्हणाले, ‘अगं टिकला कसला, रेटलंन् त्याने.’ तिथेच मी अडकले. मला तो शब्द मनापासून खटकला पण का खटकला ते धड सांगता येईना.

आता बघा, आपण रेटणं कुठे वापरतो. दिवस रेटले, संसार रेटला, पगार नाही तरी नोकरी रेटतोय. म्हणजे आतून काही उरलेलं नाही, मागून ढकलत नेतोय. उलट टिकणं म्हणजे गुण कायम राहणं, लोणचं टिकलं म्हणजे ते चवीला तसंच आहे, नुसतं बरणीत पडून नाहीये. मग टॉमी जॉनचं काय झालं ते बघू. १७ जुलै १९७४ ला डॉजर्स टीमकडून खेळताना एका पिचवर कोपरातला लिगामेंट गेला, तेव्हा सीझनचा हिशोब १३ विजय ३ पराभव (बेसबॉलमध्ये मॅचचा निकाल एका पिचरच्या खात्यात मांडतात), म्हणजे करिअरमधला एकदम भारी सीझन चालू होता. तोपर्यंत ही दुखापत झाली की पिचर घरी जायचा, दुसरं काही नव्हतंच. २५ सप्टेंबरला जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातला एक टेंडन (स्नायूची दोरी) काढला, डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडून त्यातून ओवून घेतला. परत खेळायची शक्यता किती, तर शंभरात एक. वर हाताची नस अडकली आणि त्यासाठी परत चीर द्यावी लागली. १९७५ पूर्ण गेलं. १९७६ मध्ये आला आणि १० जिंकून १० हरला, आणि मग १९७७ मध्ये २० विजय, यांकीज टीमकडे गेल्यावर १९७९ मध्ये २१, १९८० मध्ये २२. ऑपरेशनआधी १२४ विजय होते, नंतर १६४. वयाच्या ४६ व्या वर्षी, १९८९ साली थांबला. याला रेटणं म्हणायचं?

तर प्रश्न असा की ‘टिकला’ पण मला पुरेसा वाटत नाहीये. जास्त चपखल काय?

प्रतिसाद

ताई, मी त्या काकांच्या बाजूने. भावना बाजूला ठेवा, सगळे मिळून २८८ विजय आहेत मान्य, पण २३१ पराभव पण आहेत. साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) एकदाही नाही. ४७०० च्या वर इनिंग टाकून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅट्समन बाद) २२४५, म्हणजे बॅट्समनला उडवायचं कामच नाही, सिंकर टाकायचा, बॉल शेवटी खाली बसतो, बॅट्समन जमिनीवर मारतो आणि इन्फिल्डवाले (जवळचे फिल्डर) उचलतात. हॉल ऑफ फेमसाठी मत देणाऱ्या बेसबॉल लेखकांनी त्याला १५ वर्षं बॅलटवर (उमेदवारांच्या यादीत) पाहिलं, पाहिजेत ७५ टक्के मतं आणि २००९ मध्ये शेवटच्या वर्षी सगळ्यात जास्त मिळाली ती ३१.७. इतके लोक १५ वर्षं चुकतात असं कसं म्हणायचं? रेटणं हा शब्द कडू असेल, चुकीचा नाहीये. आणि ऑपरेशनचं श्रेय डॉक्टरचं, पेशंटचं नाही.

प्रतिसाद

मी शब्दांपुरतंच बोलतो. ‘फेम’ला आपण पटकन प्रसिद्धी म्हणतो पण हॉल ऑफ फेममधलं फेम म्हणजे कीर्ती, आणि कीर्ती न् कीर्तन एकाच धातूतून आलेत. म्हणजे जे लोक सांगतात, गातात, ती कीर्ती. प्रसिद्धीला नुसतं नाव माहीत असलं तरी चालतं. ताईंच्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालंय, नाव माहितेय, गोष्ट माहीत नाही. बाकी मराठीत ‘नाव’ हा शब्द फार खोल आहे बघा, नाव काढलं म्हणजे घराण्याची शान वाढवली, नाव ठेवलं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवली म्हणजे दोष काढले. ऑपरेशनला त्याचं नाव ठेवलं आणि मतदानात त्यालाच नावं ठेवली, दोन्ही त्याच माणसाच्या वाट्याला आलं. (हॉल ऑफ फेमला कीर्तिमंदिर सुचवणार होतो, पण बडोद्याचं कीर्तिमंदिर म्हणजे गायकवाडांचं स्मारक, कानाला छत्री-समाधीसारखं लागतं. कीर्तिदालन बरं.)

प्रतिसाद

आमच्या रत्नागिरीकडे याला सरळ शब्द आहे. एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बांधली की त्याला कलम म्हणतात आणि ते जगलं तर म्हणतात कलमाने जीव धरला. उजव्या हातातलं डाव्यात बांधलं म्हणजे कलमच की हो. पहिल्या पावसाळ्यात जगलं म्हणून कोणी कलम चांगलं म्हणत नाही, पुढे वर्षानुवर्षं फळ द्यावं लागतं.

पुन्हा मीच

जीव धरला! हाच, हाच शब्द मला पाहिजे होता, खूप खूप आभार. आणि रत्नागिरीकर, तुमच्या शेवटच्या वाक्याने मला जे सांगता येत नव्हतं तेच सांगितलं.

पहिल्या प्रतिसादातल्या दादांना उत्तर देते. श्रेय डॉक्टरांचं आहेच, २०१३ मध्ये कूपर्सटाउनला, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या गावी, सोहळ्यात जोब यांचा सन्मान झाला, योग्यच झालं. पण विचार करा, टॉमी जॉन १९७६ मध्ये येऊन एक वर्ष खेळला असता आणि परत कोपर गेलं असतं तर? ते ऑपरेशन एक फसलेला प्रयोग म्हणून कुठेतरी फाइलमध्ये पडलं असतं. तो १४ सीझन खेळला म्हणून बाकीच्यांनी धीर केला आणि हात पुढे केला. म्हणजे तुम्ही ज्याला आकडे साचवणं म्हणता, ते दर चार-पाच दिवसांनी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जाऊन ‘हे कोपर अजून चालतंय’ हे दाखवणं होतं. त्याचं लांब खेळणं आणि त्या ऑपरेशनचं यशस्वी ठरणं या दोन गोष्टी तुम्हाला वेगळ्या काढताच येणार नाहीत. २०१५ मध्ये जॉन स्मोल्ट्झ आत गेला, हे ऑपरेशन झालेला हॉल ऑफ फेममधला पहिला पिचर. ज्याच्या नावाचं ऑपरेशन करून घेतलेला माणूस आत, आणि ज्याचं नाव तो बाहेर, हे मला पटत नाही म्हणजे नाही.

लेखकांच्या मतदानाच्या नियमांत रेकॉर्ड, खेळण्याची क्षमता, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि ज्या टीम्ससाठी खेळला त्यांना दिलेलं योगदान असे शब्द आहेत. त्यात ‘संपूर्ण खेळाला दिलेलं योगदान’ असं येत नाही, हे मला मान्य करायला लागेल, आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला तरी हाच वाटतो, स्ट्राइकआउटचा नाही. पण मग नुसत्या रेकॉर्डवर या. बर्ट ब्लायलेव्हन, २८७ विजय, २०११ मध्ये आत. जिम काट, २८३ विजय, २५ सीझन, २०२२ मध्ये आत. यांच्याहून जास्त, २८८, तो बाहेर. ब्लायलेव्हनचे ३७०१ स्ट्राइकआउट आहेत, त्याच्याशी तुलना नको म्हणाल तर नको, पण काट? काटला टिकला म्हणायचं आणि जॉनला रेटला, हे कुठल्या व्याकरणात बसतं? आणि सिंकरचं म्हणाल तर बॅट्समनला जमिनीवर मारायला लावणं ही पण कलाच आहे हो, ४६ शटआउट (समोरच्या टीमला एकही रन न देता जिंकलेल्या मॅच) नुसत्या इन्फिल्डवाल्यांच्या जिवावर होत नाहीत.

१५ वर्षांत लेखक चुकू शकतात का, तर ब्लायलेव्हनला त्याच लेखकांनी १४ व्या खेपेला घेतला, म्हणजे आधी १३ वेळा नको होता.

कीर्ती-कीर्तनाचं वाचून मी रात्री मुलाला बसवून सगळी गोष्ट सांगितली, त्याने स्वतःचं मनगट वळवून बघितलं, अंगठा आणि करंगळी जुळवली की मध्ये जी दोरी वर येते ना, तीच. म्हणाला, ही काढली? मी म्हटलं हो, हीच. बराच वेळ दाबून बघत होता.

लेखकांनी न घेतलेल्या जुन्या खेळाडूंचा परत विचार करणारी एक कमिटी असते, तिच्या २०२४ च्या डिसेंबरमधल्या बैठकीत डेव्ह पार्कर आणि डिक ॲलन निवडले गेले, टॉमी जॉनला १६ पैकी ७ मतं पडली, पाहिजे होती १२. ही कमिटी आता २०२७ च्या डिसेंबरमध्ये बसेल, तेव्हा तो ८४ वर्षांचा असेल.

आणि हो, ‘जीव धरणे’ माणसाच्या अवयवाबद्दल कोणी बोलताना ऐकलंय का? विदर्भ, मराठवाड्याकडे कलमाला काय म्हणतात तेही सांगा.