मदत हवी आहे : वित्त समितीचे सदस्य नेमके कोणी नेमावेत?

मॅसॅच्युसेट्समधील आमच्या छोट्या गावात वित्त समितीच्या (गावाच्या अंदाजपत्रकाची छाननी करून शिफारशी करणारी समिती) सर्व सदस्यांची नेमणूक एकटे मॉडरेटर (टाउन मीटिंगचे, म्हणजे गावातील मतदारांच्या निर्णय घेणाऱ्या सभेचे, निवडून आलेले अध्यक्ष) करतात. राज्याच्या कायद्यानुसार (प्रकरण 39, कलम 16) निवडणूक किंवा नेमणूक हे गावाने उपविधीने ठरवायचे असते आणि मुदत 3 वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, एवढे मी वाचले आहे.

अडचण अशी, की 9 पैकी 2 जागा गेले 8 महिने रिकाम्या आहेत. टाउन हॉलच्या फलकावर सूचना लावली, टाउन क्लार्कमार्फत आवाहन केले. एकच अर्ज आला आणि तोही शाळा समितीच्या माजी सदस्याचा. नेमणूक सिलेक्ट बोर्डाकडे (गावाचा कारभार पाहणारे निवडून आलेले मंडळ) देण्याची सूचना पुढे आली आहे, पण ज्यांच्या अंदाजपत्रकाची छाननी करायची त्यांनीच छाननी करणारे निवडावेत, हे मला पटत नाही. थेट निवडणूक घेतली तर उमेदवार मिळतील, असेही वाटत नाही.

उपविधीतील बदल टाउन मीटिंगमध्ये मंजूर करून पुढे राज्याच्या ॲटर्नी जनरलची (मुख्य विधी अधिकाऱ्याची) मान्यता घ्यावी लागत असल्याने मसुदा एकदाच, पण नीट करायचा आहे. मॉडरेटर, सिलेक्ट बोर्डाचे अध्यक्ष आणि वित्त समितीचे अध्यक्ष अशा तिघांच्या नेमणूक मंडळाचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का, आणि जागा ठरावीक दिवसांत न भरल्यास ती कोणी भरावी, याची तरतूद आपल्या गावाने कोणत्या शब्दांत केली आहे?