फॅमिली डॉक्टर समोर भेटतात का हो अजून? की फक्त मेसेजवर?

विश्रामबागकर (धागा सुरू करणारे):
सांगली-मिरजेत दवाखान्यांची कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. मिरजेत वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं, तेव्हापासून पार कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचे लोक इकडं येतात. मणक्याचा, किडनीचा, हृदयाचा डॉक्टर हवा तर एका रस्त्यावर तीन पाट्या दिसतील. पण साधा ताप, पोटदुखी, चक्कर यासाठी ज्यांच्यासमोर जाऊन बसावं, ते फॅमिली डॉक्टर गाठणं अवघड झालंय.

पूर्वी नंबर लावायचा, बसायचं, वेळ जायचा, पण डॉक्टर भेटायचे. आता फोन लावला की काउंटरवरची मुलगी सांगते, "काय होतंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, सर बघून गोळ्या सांगतील." प्रत्यक्ष येतो म्हटलं तर परवा, नाहीतर तेरवा. दातांचं तर विचारूच नका. आईची दाढ ठणकत होती, तर वेळ मिळाली पुढच्या आठवड्यातली आणि पेनकिलरचं नाव मेसेजवर.

फोनवरच्या औषधाला माझा सरसकट विरोध नाही. पेशंटला समोर बघायचं की नाही हे काउंटरवर ठरतं, त्याला आहे. प्रत्येक दवाखान्यानं रोज एक तास तरी अपॉइंटमेंटशिवाय येणाऱ्यांसाठी ठेवलाच पाहिजे. बोला.

ओपीडीवाली_मिरज:
काका, राग कळतो. पण ते "नंबर लावायचा, बसायचं" तुम्ही फार गोड करून सांगताय. त्याच बाकावर तापानं फणफणलेल्या पोराशेजारी केमोथेरपी चालू असलेल्या आजी बसायच्या. एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्याची अर्ध्या दिवसाची हजेरी जायची. कशासाठी? तर रिपोर्ट नॉर्मल आहे, तीच गोळी चालू ठेवा, एवढं ऐकायला. अशी मंडळी फोनवर निघाली तर खरा आजारी माणूस लवकर आत येतो.

आणि हे आम्ही डॉक्टरांनी मनानं चालू केलेलं नाही. टेलिमेडिसिनची नियमावली २५ मार्च २०२० ला आली, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. मेसेज, फोन, व्हिडिओ, तिन्हीला त्यात मान्यता आहे.

तुमच्या त्या एका तासाचं काय होईल सांगू? सगळं गाव त्याच तासात येणार, दारात वादावादी होणार आणि पहिली शिवी त्याच काउंटरवरच्या मुलीला पडणार.

गावभाग_जुना:
आमचे डॉक्टर स्कूटरवरून घरी यायचे. फी विचारली तर "देशील नंतर". आता मेसेजला दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर दुसऱ्या दिवशी.

विश्रामबागकर:
मॅडम, नियमावलीचं नाव काढलंत ते बरं झालं, मीही वाचलीय. फोनवर भागेल की प्रत्यक्ष बघायला हवं, हे डॉक्टरनं स्वतःच्या निर्णयानं ठरवायचं, असं त्यात लिहिलंय. रिसेप्शनिस्टनं नाही. पेशंटनं स्वतः सुरुवात केली तर संमती गृहीत धरायची, डॉक्टरकडून सुरुवात झाली तर स्पष्ट संमती घ्यायची, हेही लिहिलंय. आता व्यवहार बघा. मी विचारतो, "कधी येऊ?" उत्तर येतं, "मेसेज टाका." टाकला, की मीच सुरुवात केली! संमती आपोआप.

शिवाय नवा त्रास असेल तर नुसत्या आवाजावर वाटेल ते औषध देता येत नाही. बऱ्याचशा औषधांना पहिल्या वेळी व्हिडिओ तरी लागतो. जुन्याच त्रासाचा पाठपुरावा म्हणायचा तर आधीची भेट सहा महिन्यांच्या आतली हवी. हे किती ठिकाणी पाळतात?

आमच्या शेजारचे एक गृहस्थ, मधुमेह जुना. छातीत जळजळ म्हणून मेसेज केला, अ‍ॅसिडिटीची गोळी आली. मुलानं ऐकलं नाही, ईसीजी काढायला नेलं, तिथून थेट आयसीयू. मधुमेह असला की हार्टचं दुखणं नेहमीसारखं दुखतच नाही, हे डॉक्टरांना मी सांगायला नको. चेहरा पाहिला असता, घाम पाहिला असता तर ती गोळी लिहिली गेली नसती.

ओपीडीवाली_मिरज:
छातीची तक्रार मेसेजवर हाताळली ती चूकच आहे, तिचं समर्थन मी करणार नाही. पण त्याला फोन जबाबदार नाही, तो डॉक्टर जबाबदार आहे. समोर बसवूनही मान वर न करता गोळ्या लिहिणारे आहेत की.

जतचा_गडी:
तुमी सांगलीत बसून भांडा निवांत. जतपासनं सांगली म्हंजे ऐंशी-नव्वद किलोमीटर, एस्टीनं अख्खा दिस जातोय. म्हातारीच्या शुगरचा कागद दाखवायला गाडीभाडं, खाणंपिणं आणि वर माझी हजरी बुडायची. आता कागदाचा फोटू टाकतो, डॉक्टर सांजच्याला फोन करत्यात, गोळी कमीजास्त करत्यात. झालं काम.

३०,००० वस्तीमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ह्यो सरकारी हिशेब. आमच्याकडं वाडी हितं तर वस्ती तिकडं, त्यात म्हातारीला चालवत न्यायची कशी? उपकेंद्रात सिस्टर ई-संजीवनीवर, म्हंजे सरकारी व्हिडिओ-सेवेवर, डॉक्टर लावून देत्यात, त्येबी बरं हाय. रेंज गेली की डॉक्टरबी गेला, ती गोष्ट येगळी. समोर बसायचा हट्ट ही शहरातल्यांची चैन हाय बघा.

तासगाव_वेस:
दादा, तुमच्या डॉक्टरांनी म्हातारीला आधी नीट तपासलं असेल ना? पाय बघितले असतील, डोळ्यांची तपासणी करून घेतली असेल. म्हणून आता फोनवर भागतंय. ज्यांना डॉक्टरनं कधी हातच लावला नाही त्यांचं काय? शुगरवाल्याच्या पायाला झालेली जखम दुखत नाही. तो मेसेज तरी कशाचा करणार?

जतचा_गडी:
तपासलं व्हतं. तीनदा. ते मान्य. तरीबी सारखं बोलवू नका म्हणतोय मी.

दाताचा_डॉक्टर:
दातांच्या डॉक्टरांवर ताशेरे आलेत म्हणून लिहितो. आमच्याकडं खुर्ची एक. रूट कॅनॉलच्या एका बैठकीला पाऊण तास, कधी जास्त. प्रत्येक पेशंटनंतर हत्यारं धुवायची, पाकिटात घालायची, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली ठेवायची, वाळवायची. हे टाळून "या, बसा" करणारा दवाखाना तुम्हाला हवाय का? वेळ पुढची मिळते ती अशानं. त्यातही वेळ घेऊन न फिरकणारे असतात, ते कोणत्या धाग्यात लिहायचं?

पण एका बाबतीत धागाकर्त्यांच्या बाजूनं आहे. दाढेचा फोटो पाठवून काही कळत नाही. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली का हे एक्स-रेवर आणि ठोकून बघितल्यावर कळतं. मुळाशी पू असेल तर तो वाट करून बाहेर काढावा लागतो, नुसत्या अँटिबायोटिकनं दाढ बरी होत नाही. चार दिवस शांत होते आणि मग दुप्पट उसळते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडचा तंबाखू-सुपारीचा मावा. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तिखट झोंबतं, गालात पांढरा चट्टा, जिभेच्या कडेला दोन आठवडे होऊनही न भरणारा फोड. यातलं एकही मेसेजवर येत नाही, कारण ते दाढेसारखं ठणकत नाही. माणूस दाढेसाठी येतो आणि आरसा आत घातल्यावर आम्हाला हे दिसतं. फोनवर दाढेची गोळी दिली की तो आरसा आत जातच नाही. दोन्ही म्हणणी एकत्र बसत नाहीत हे मला माहीत आहे. प्रत्यक्ष यायलाच हवं, आणि मला वेळही नाही.

लेस्टरहून_सांगलीकर:
इथली गंमत ऐका. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, फुकट, पण सकाळी आठला फोन लावायचा आणि रांगेत लटकायचं. कोविडआधी इंग्लंडमध्ये दहातल्या साधारण आठ भेटी समोरासमोर व्हायच्या. २०२० च्या एप्रिलमध्ये त्या निम्म्याच्या खाली गेल्या आणि नंतर वाढल्या तरी पूर्वीइतक्या झाल्या नाहीत. दातांचं तर त्याहून वाईट. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) पेशंट घेणारा एक दवाखाना पुन्हा उघडला, तर नाव नोंदवायला शेकडो लोक रस्त्यावर आणि गर्दी आवरायला पोलीस. सुट्टीला येते तेव्हा मी दात सांगलीतच करून घेते. तुमचा पुढचा आठवडा मला उद्यासारखा वाटतो.

विश्रामबागकर:
तिथं वाईट आहे म्हणून इथलं चांगलं ठरत नाही. तिथं निदान फुकट तरी आहे. इथं मेसेजवर विचारलं तरी दोनशे रुपये स्कॅन करा म्हणतात.

ओपीडीवाली_मिरज:
फी घेण्यात गैर काय? नियमावलीनंही फोनवरच्या सल्ल्याची फी प्रत्यक्ष भेटीसारखीच मानलीय. पाच मिनिटं माझीच जातात, जबाबदारीही माझीच.

खरं दुखणं वेगळं आहे. एमबीबीएस होऊन जनरल प्रॅक्टिस कोण थाटतंय आता? माझ्या बॅचचे बहुतेक नीट-पीजीच्या, म्हणजे स्पेशालिस्ट व्हायच्या प्रवेशपरीक्षेच्या, मागे गेले. गावभागातल्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला की त्या गाळ्यात सोनोग्राफी सेंटर येतं. घराजवळ तापाला बघणारे उरलेत ते बरेचसे बीएएमएस, बीएचएमएस. महात्मा फुले योजना हॉस्पिटलात भरती झाल्यावर कामाला येते, ओपीडीला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. सांगली-मिरजेचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडं, त्यामुळं तो निर्णय तिथं लागू नाही. एका तासाची सक्ती कुणावर करणार? शिल्लक आहेत त्यांच्यावरच ना?

विश्रामबागकर:
डॉक्टर कमी झालेत हे मान्य. म्हणून तर निवड काउंटरवर होऊ नये म्हणतोय. दाताच्या डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं दुखण्याचा फोन कोण घेतं?

दाताचा_डॉक्टर:
असिस्टंट. पण तिनं तीन गोष्टी विचारायच्याच, असं ठरवून दिलंय. चेहऱ्यावर किंवा गळ्याशी सूज आहे का, ताप आहे का, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होतोय का. एकालाही हो म्हणालं, की वेळ न बघता बोलावते. श्वास अडकत असेल तर माझ्याकडं नाही, थेट सिव्हिल. बाकी ठणका असेल तर सकाळी साडेनऊला या, दाढ उघडून आराम पाडतो, पुढचं काम वेळ घेऊन.

ओपीडीवाली_मिरज:
हे मी उचलते. छातीत दुखणं, धाप, अर्धं अंग जड होणं, लहान मूल सुस्त पडणं, एवढं लिहून काउंटरवर चिकटवते आणि असा फोन आला की मलाच द्यायचा. पण काका, तो एक तास विसरा.